बेरेटचा रंग कोण ठरवतं?



ज्या जिल्ह्यात 'मिलिटरी' हा शब्द थेट गावाच्या नावाला जोडला जातो, त्या आपशिंग्याच्या जिल्ह्यात सैनिकी टोपीवर बोलायला गणवेश कधीच न घातलेला माणूस उभा राहतो, तेव्हा श्रोत्यांनी जरा सावध असलेलं बरं. माझं लष्करी ज्ञान कागदावरचं आहे. परेडचं मैदान मी कुंपणाबाहेरून पाहिलेलं आहे. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण कुंपणाबाहेरच्या माणसाला सगळ्यात आधी टोपीच दिसते. हुद्दा, पलटण, पदकं हे सगळं जवळ गेल्यावर कळतं.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या आपल्याकडे गावोगाव आहेत. तिथल्या पोरांना विचारा, मरून बेरेट म्हणजे काय? उत्तर तयार असतं, "कमांडो, सर!" काळी? "टँक." हिरवी? "इन्फन्ट्री." गडद निळी? "तोफखाना, सिग्नल, इंजिनिअर." लाल? "एमपी, मिलिटरी पोलीस." उत्तरं बरोबर आहेत. एक सोडून, त्या एकाकडे येतोच. पण हा झाला तक्ता. तक्त्यात रंगापुढे नाव मिळतं. त्या रंगासाठी विशीतला पोरगा तीन महिने अर्धपोटी, अर्धझोपेत का धावतो, किंवा टोपीचा रंग दुसऱ्यांना दिला म्हणून निवृत्त सैनिक शेकडो मैल पायी का चालत जातात, हे तक्त्यात लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. हे रंग बहुतेक सोयीनं आले किंवा योगायोगानं. त्यांच्यात अर्थ मागाहून भरला गेला, आणि तो भरणारे दोघे जण टोपीच्या बाहेरचे होते. एक, ज्याला ती टोपी घालायची मुभा नाही तो. दुसरा, ज्याच्यावर ती टोपी चालून येते तो.

काळ्या रंगाची गोष्ट तेलाच्या डागापासून सुरू होते. बेरेट ही मुळात फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज डोंगरातल्या मेंढपाळांची लोकरी टोपी. आधी विणायची, मग ओली करून कुटून-मळून तिची लोकर इतकी घट्ट करायची की रिमझिम पावसाचं पाणी आत उतरत नाही. आपल्या धनगरांच्या घोंगडीची ही लांबची बहीण. १८८९ मध्ये फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात लढण्यासाठी उभारलेल्या तुकड्यांनी ती उचलली. त्यांची बेरेट एवढी ऐसपैस की थंडीत पाय तिच्यात घालून बसता येत असे, असं सांगतात.

पहिल्या महायुद्धात, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, ब्रिटिशांचे रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले. त्या लोखंडी पेटीत वाकून बसायचं, इंजिन आतच धगधगतंय, हाताला ग्रीस, आणि बाहेर बघायला बोटभर फट. अशा ठिकाणी पुढे झापड असलेली कडक फौजी टोपी काय कामाची? फटीला डोळा लावायला गेलं की झापड आधी लोखंडावर आपटायची. १९१८ मध्ये रणगाडा दलाचे सेनापती ह्यू एलिस यांनी शेजारच्या छावणीतल्या फ्रेंच डोंगरी सैनिकांच्या डोक्यावर बेरेट पाहिली आणि त्यांना ती पटली. मात्र फ्रेंच नमुना फार ढगळ होता आणि मेंढपाळी नमुना फार तोकडा. मधला आकार ठरवण्यात काही वर्षं गेली. मार्च १९२४ मध्ये राजे पंचम जॉर्ज यांनी मंजुरी दिली. रंग काळा, कारण काळ्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत. एवढंच. त्यात मृत्यू नव्हता, शोक नव्हता, रात्रही नव्हती.

यावर कोणाला शंका असेल तर समोरची बाजू बघावी. जर्मनीनं १९३४ च्या सुमाराला रणगाड्यांच्या तुकड्यांना गणवेश दिला तोही काळा, आणि डोक्यावर आतून जाड अस्तर घातलेली काळी बेरेट. एकमेकांचे शत्रू असलेल्या दोन फौजांनी एकच रंग निवडला, कारण दोघांच्या इंजिनांतून गळणारं तेल एकाच रंगाचं होतं.

मग अर्थ कधी आला? ब्रिटिश सैन्यात कितीतरी वर्षं काळी बेरेट रणगाडा दलाशिवाय कोणाला घालता येत नव्हती, तेव्हा. इतरांना नाही म्हटल्याबरोबर डाग लपवणाऱ्या कापडाची शान झाली. आणि १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेत ब्रिटिश सेनापती माँटगोमेरी आला. हा माणूस हाडाचा पायदळवाला. रणगाड्यातून फिरताना त्याच्या ऑस्ट्रेलियन रुंद हॅटची अडचण व्हायला लागली म्हणून रणगाड्यावरच्या मंडळींनी त्याला काळी बेरेट दिली. त्यानं तिच्यावर एक सोडून दोन बिल्ले लावले, एक रणगाडा दलाचा, एक सेनापतीचा. नियमानं हे चुकीचंच होतं. पण वाळवंटात लांबून कोणालाही कळायला लागलं की सेनापती आलाय आणि तो आपल्यातला म्हणून आलाय. माँटगोमेरीला प्रसिद्धीची हौस होती हे खरंच आहे. पण सैनिकाला काय दिसतं याचं त्याचं भान मात्र पक्कं होतं.

आपल्याकडे काळ्या बेरेटचं माहेर म्हणजे अहिल्यानगर, जुनं नगर. चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशाला तिथं आहे, शेजारी रणगाड्यांचं संग्रहालय आहे. शाळेच्या सहलीत तिथं गेलेले तुमच्यापैकी पुष्कळ असतील. पूना हॉर्स ही या दलातली एक जुनी रेजिमेंट, आणि तिच्या नावावर दोन परमवीर चक्रं आहेत. लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर मुंबईत जन्मले, पुण्यात शिकले. सप्टेंबर १९६५ मध्ये फिलोराच्या लढाईत जखमी झाल्यावर मागे जायला त्यांनी नकार दिला, जखमी अवस्थेतच रेजिमेंटचं नेतृत्व केलं आणि १६ सप्टेंबरला ते धारातीर्थी पडले. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले. १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतरच्या लढाईत, त्यांचा रणगाडा पेटला, तो सोडून बाहेर पडायचा आदेश आला, तरी ते तोफ चालवत राहिले. वय २१. नगरहून शिकून बाहेर पडणाऱ्या पोराच्या डोक्यावर काळी बेरेट बसते तेव्हा तिच्यात ही दोन नावं असतात. तेलाचा डाग आता कोणाच्या ध्यानातही येत नाही.

एक गंमत सांगतो आणि पुढे जातो. ब्रिटनच्या अकराव्या हुसार रेजिमेंटनं १९२८ मध्ये बेरेट घेतली ती तपकिरी, खाली किरमिजी पट्टी, आणि तिच्यावर बिल्लाच नाही. त्यांचे वारसदार आजही बिल्ल्याशिवायच फिरतात. बिल्ला नाही हीच त्यांची ओळख. तुम्ही ओळखलं नाहीत, तर तो तुमचा दोष!

आता मरून. अकादमीतल्या पोरांचं ते एक चुकलेलं उत्तर.

१९४२ मध्ये ब्रिटिश हवाई छत्री दलाचे प्रमुख होते मेजर जनरल फ्रेडरिक ब्राउनिंग. त्यांची पत्नी डॅफ्ने ड्यू मोरिये, 'रेबेका'ची लेखिका. मरून रंग तिनं निवडला, अशी आख्यायिका तेव्हापासून चालू आहे. तिनं स्वतः पत्र लिहून ती नाकारली, तरी आख्यायिका काही थांबली नाही. मला यात नवल वाटत नाही. 'समितीनं नमुने पाहिले आणि एक मंजूर केला' ही हकिगत पलटणीत रात्री शेकोटीभोवती सांगण्यासारखी नसते. त्याच वर्षी नोव्हेंबरात उत्तर आफ्रिकेत ही टोपी लढाईत पोचली. तिथं जर्मनांनी आम्हाला 'लाल सैतान' नाव दिलं असं हे छत्रीसैनिक अभिमानानं सांगतात. बघा, नाव शत्रूनं दिलं हे महत्त्वाचं. आपण स्वतःला सैतान म्हणून घेतलं तर लोक हसतील.

भारतात छत्री दल उभं राहिलं १९४१ मध्ये, पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड म्हणून. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाक गावात या ब्रिगेडनं जपानी फौजेला आठवडाभर अडवलं, तेही विमानातून उडी न मारता, पायदळासारखं खंदकात लढून. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली ती तीन पलटणी एकत्र आणून: पंजाबची पहिली, मराठ्यांची तिसरी आणि कुमाऊंची पहिली. मराठ्यांची तिसरी झाली '२ पॅरा'. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी ढाक्याच्या उत्तरेला टांगाईलवर जी पलटण छत्र्यांनी उतरली ती हीच, लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली. पुंगळी पुलाचा ताबा त्यांनी घेतला, मागे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांत ते होते. दुसरं उदाहरण जवळचं. १९८५ मध्ये २१ मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणून हिरव्या टोपीखाली उभी राहिलेली पलटण १९९६ मध्ये २१ पॅरा स्पेशल फोर्सेस झाली. या सभागृहात त्या दोन्ही रंगांची माणसं बसलेली आहेत, हे मला मघाशी चहाच्या वेळी कळलं.

मग मरून म्हणजे कमांडो का नाही? कारण भारतीय सैन्यात मरून हा विमानातून उडी मारून युद्धात उतरणाऱ्या सगळ्यांचा रंग आहे. त्यांत स्पेशल फोर्सेस आहेत, नुसत्या पॅरा पलटणी आहेत, त्यांच्याबरोबर उडी मारणारे तोफची आहेत, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची ४११ पॅरा फील्ड कंपनी आहे. आणि डॉक्टरही आहेत. कोरियाच्या युद्धात भारतानं लढणारी फौज पाठवली नाही, साठावी पॅरा फील्ड अँब्युलन्स पाठवली. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज तिचे प्रमुख. उडी मारणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी ते एक. मार्च १९५१ मध्ये अमेरिकन छत्रीसैनिकांबरोबर या तुकडीतली काही माणसं मुनसानला विमानातून उतरली, ती जखमींवर शस्त्रक्रिया करायला. डोक्यावर मरून बेरेट आणि हातात चिमटे, पट्ट्या, सलाईन. तेव्हा पोरांनो, 'कमांडो' म्हणताना जरा थांबा.

स्पेशल फोर्सेसची खूण वेगळी असते. 'बलिदान' लिहिलेला तो बिल्ला. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकात महेंद्रसिंग धोनीच्या यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांवर ती खूण दिसली, आणि आयसीसीनं ती काढायला सांगितली. धोनी प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल, आग्र्याला जाऊन त्यानं पॅराच्या उड्याही पूर्ण केल्या आहेत. त्या आठवड्यात देशभर चर्चा झाली ती देशभक्तीची. टोपीवरच्या आणि छातीवरच्या चिन्हांचे नियम किती काटेकोर असतात, यावर मात्र कोणी फारसं बोललं नाही. मला तो जास्त मजेदार विषय वाटला होता.

पॅराशूट रेजिमेंटमध्ये यायचं तर स्वेच्छेनं यावं लागतं आणि आल्यावर नव्वद दिवसांचं प्रोबेशन काढावं लागतं. स्पेशल फोर्सेसचं त्याहून लांब. मग आग्र्याला पाच उड्या, तेव्हा कुठे पंख. पुष्कळ जण मधेच परत जातात. परत जाणाऱ्यात लाजण्यासारखं काही नसतं, तो आपल्या मूळ पलटणीत चांगला जवान असतोच. पण टोपीचा भाव तो ठरवतो. सगळेच पास झाले असते तर मरून हा फक्त एक रंग राहिला असता.

आणि हा भावही सीमेपलीकडे चालत नाही. रशियाचे छत्रीसैनिक निळी बेरेट घालतात, आकाशाची. त्यांचे सेनापती जनरल मार्गेलोव्ह यांच्या काळात, साठच्या दशकाच्या अखेरीस, आधी किरमिजी आणि मग निळी अशी ती आली. रशियात मरून ही मुळात गृहखात्याच्या विशेष दलाची टोपी, तीही जीवघेणी चाचणी पार करणाऱ्यालाच. लंडनमध्ये, आग्र्याला आणि मॉस्कोत मरून बेरेट घातलेले तिघे एका खोलीत आणले, तर पहिल्या दोघांना एकमेकांचा रंग कळेल, तिसऱ्याचा नाही.

हिरव्याचं तर आणखी उलटं. ब्रिटिश कमांडोंनी ऑक्टोबर १९४२ मध्ये हिरवी बेरेट घेतली. त्यांच्या एका तुकडीच्या खांद्यावरच्या बिल्ल्यात आगीतून जाणारी सरड्यासारखी हिरवी आकृती होती, तिच्यावरून रंग उचलला. ६ जून १९४४ च्या सकाळी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कमांडर फिलीप कीफर यांच्या हाताखालचे १७७ फ्रेंच कमांडो उतरले, ब्रिटिश प्रशिक्षणाच्या हिरव्या बेरेट घालून. फ्रेंच फौजेत बेरेट डावीकडे ओढायची पद्धत आहे. फ्रेंच नौदलाचे कमांडो मात्र आजही ती ब्रिटिशांसारखी उजवीकडेच ओढतात, बिल्ला डाव्या डोळ्यावर. ब्रिटिशांशी असलेलं हे नातं रंग न बदलता, नुसता कल बदलून सांगितलेलं आहे. अमेरिकेत विशेष दलाची हिरवी बेरेट वरिष्ठांनी बराच काळ मनाई केलेली टोपी होती. ऑक्टोबर १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी फोर्ट ब्रॅगला आले तेव्हा ब्रिगेडियर जनरल यारबरो ती घालूनच त्यांच्यासमोर गेले, आणि ती मान्य झाली. म्हणजे तिकडे हिरवी मोजक्या लोकांची. आणि आपल्याकडे? पायदळाची. बेळगावच्या मराठा केंद्रातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या शेकडो जवानांची. अमेरिकन सिनेमा पाहून आलेल्या पोराला हे सांगितलं की त्याचा चेहरा जरा उतरतो. मला तेव्हा त्याच्या मागच्या भिंतीवरचा भगवा आणि 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' दाखवावंसं वाटतं. त्या घोषणेमागची हिरवी टोपी काही कमी प्रतीची नाही. ती फक्त दुर्मीळ नाही.

दुर्मीळतेवरून अमेरिकेत काय झालं ते आता पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात चांगला पुरावा तिथला आहे. १९७५ पासून काळी बेरेट अमेरिकन रेंजर पलटणींची होती. ऑक्टोबर २००० मध्ये सेनाप्रमुख जनरल शिन्सेकी यांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी १४ जूनला, सेनेच्या वाढदिवशी, सगळ्याच सैनिकांना काळी बेरेट मिळेल. हेतू चांगला होता. सगळ्यांना वाटावं की आपणही उत्कृष्ट आहोत. माजी रेंजरांचा संताप झाला. त्यांच्यापैकी काही जण जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगपासून वॉशिंग्टनपर्यंत पायी चालत गेले. शेवटी तोडगा निघाला: काळी सगळ्यांना, रेंजरांना नवी, वाळूच्या रंगाची. त्यात घाईघाईनं मागवलेल्या बेरेटपैकी लाखो चीनमध्ये बनल्याचं उघड झालं आणि त्या सैनिकांना वाटायच्या नाहीत असं ठरलं. रोजच्या वापरात तर त्या कोणालाच आवडल्या नाहीत. उन्हाला झापड नाही, लोकर गरम, डोक्यावर नीट बसवायला दोन्ही हात लागतात. २०११ मध्ये रोजच्या गणवेशाबरोबर पुन्हा साधी झापडाची टोपी आली.

शिन्सेकींना वाटलं, मान वाटून देता येतो. दहा वर्षांत सेनेला कळलं की वाटता येते ती टोपी. मला शिन्सेकींची कीव येते, टवाळी करावीशी वाटत नाही. आपल्या सहकारी संस्थांत, शाळांत, सरकारी खात्यांत प्रशस्तिपत्रकांचं नेमकं हेच चाललेलं असतं, आणि वाटणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं.

आता दुसरा बाहेरचा माणूस. समोरचा.

१४ जून १९८२ ला फॉकलंड बेटांच्या युद्धाचा शेवट झाला. पोर्ट स्टॅनलीत शिरताना ब्रिटिश पॅरा सैनिकांनी डोक्यावरची हेल्मेट काढली आणि खिशातल्या मरून बेरेट चढवल्या. लढाईत हेल्मेटच असतं, आणि हेल्मेटला पलटणीचा रंग नसतो. रंग बाहेर काढला तो गोळीबार थांबल्यावर, बघणाऱ्यांना आपण कोण ते कळावं म्हणून. स्टॅनलीतल्या रहिवाशांना ती टोपी सुटकेची वाटली. पण त्याच टोपीला दहा वर्षांपूर्वी उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत वेगळा अर्थ मिळाला होता. ३० जानेवारी १९७२ रोजी पॅरांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या आणि त्या दिवशी १३ नागरिक मेले. २०१० मध्ये त्याची चौकशी करणाऱ्या सॅव्हिल आयोगाचा अहवाल आला, पंतप्रधान कॅमेरॉन यांनी संसदेत माफी मागितली. डेरीतल्या आईसाठी मरून म्हणजे काय, हे ब्राउनिंगना ठरवता आलं नसतं.

कॅनडात गोष्ट त्याहून पुढे गेली. मार्च १९९३ मध्ये सोमालियात कॅनडाच्या एअरबोर्न रेजिमेंटच्या सैनिकांनी पकडलेल्या १६ वर्षांच्या मुलाला छळ करून मारलं. चौकशी झाली, आणि १९९५ मध्ये सरकारनं ती अख्खी रेजिमेंट बरखास्त केली. पुष्कळ चांगल्या सैनिकांच्या अंगावरून त्यांची ओळख काढून घेतली गेली. हे अन्यायाचं होतं असं तिकडचे अनेक माजी सैनिक आजही म्हणतात. पण 'आम्ही इतरांपेक्षा वेगळे' ही भावना जिथं लगामाशिवाय वाढते तिथं 'आम्हाला इतरांचे नियम लागू नाहीत' हे तिच्या सावलीतच उगवतं. रंगाची शिस्त सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला हे दोन्ही एकाच वेळी सांभाळायचं असतं, आणि ते सोपं नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १९५६ मध्ये सुएझ संकटात पहिली शांतिसेना उभी केली, तेव्हा अडचण उलटी होती. वेगवेगळ्या देशांचे सैनिक वाळवंटात उभे राहणार, त्यांना कोणीही शत्रू समजू नये. फिकट निळ्या बेरेट हव्या होत्या, पण वेळेत मिळेनात. मग अमेरिकन हेल्मेटच्या आतल्या टोप्यांवर निळा रंग फवारला आणि माणसं पाठवली. जगातला बहुधा हा एकच सैनिकी रंग, जो 'मी लढायला आलो नाही' असं सांगायला निवडला गेला. त्या सेनेत गाझाला गेलेली पहिली भारतीय पलटण ३ पॅरा. मरून उतरवून निळी चढवली. शीख सैनिक बेरेट घालत नाहीत, त्यांच्या पगडीचा रंग पलटणीप्रमाणे असतो. शांतिसेनेत तीही निळी होते. आणि निळा रंग बंदुकीला दर वेळी अडवतो असंही नाही. ५ डिसेंबर १९६१ रोजी काँगोत, शांतिसेनेच्या मोहिमेवर असताना, कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया मूठभर गोरख्यांना घेऊन नाकेबंदीवर तुटून पडले आणि कामी आले. संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत परमवीर चक्र मिळवणारे ते एकमेव.

मध्येच एक व्यवहाराची गोष्ट. छावणीजवळच्या दुकानांत कोणत्याही रंगाची बेरेट विकत मिळते. लग्नाच्या बँडवाल्यांकडे, खासगी सुरक्षारक्षकांकडे ती दिसते. पठाणकोटच्या हल्ल्यानंतर, जानेवारी २०१६ मध्ये, लष्करानं नागरिकांना आणि खासगी संस्थांना लष्करी पद्धतीचे कपडे वापरू नका असं आवाहन केलं. कायद्यात तरतूद जुनीच आहे. भारतीय दंडसंहितेचं कलम १४०, आता भारतीय न्यायसंहितेत १६८. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूनं कोणी सैनिकाचा पोशाख किंवा खूण वापरली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हेतू हा शब्द तिथं महत्त्वाचा. माझ्या मते अकादमीच्या पोरांना पहिल्याच दिवशी मरून टोप्या घालून फोटोला उभं करणारे संचालक कायदा मोडत नसतीलही. पण ज्या वस्तूची ओढ पोरांना लावायची, तीच दोनशे रुपयांत हातात देऊन ते मोकळे होतात.

शेवटचा मुद्दा अलीकडचा, आणि या सभागृहात वादाचा. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतीय सैन्यात ब्रिगेडियर आणि त्याहून वरच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा गणवेश एकसारखा झाला. टोपी, खांद्यावरचे हुद्द्याचे बिल्ले, कॉलरवरचे पट्टे, कमरेच्या पट्ट्याचं बक्कल, बूट, सगळं समान. खांद्यावरची दोरी, म्हणजे लॅनयार्ड, गेली. कर्नलपर्यंतच्यांचं काहीही बदललं नाही. म्हणजे विसाव्या वर्षी ज्या रंगासाठी जीव टाकला आणि ज्या रंगाखाली पलटणीचं नेतृत्व केलं, तो रंग ब्रिगेडियर झाल्याच्या दिवशी उतरवून ठेवायचा.

मघाशी एक निवृत्त अधिकारी मला म्हणाले, "हे मला पटलेलं नाही. पॅराचा माणूस जनरल झाला म्हणून त्याच्या अंगातला पॅरा जातो का?" जात नाही, साहेब. आणि नेमकं म्हणूनच मला हा निर्णय बरोबर वाटतो. ब्रिगेडियरच्या हाताखाली तीन-चार पलटणी येतात, तोफखाना येतो, सिग्नल येतात. रात्री दोन वाजता कोणती पलटण डोंगरावर चढवायची आणि कोणती राखीव ठेवायची हे तो ठरवतो. सकाळी त्या पलटणीच्या जवानाला, साहेबानं आपल्याच रंगाची माणसं मागे ठेवली का, असा संशय यायला जागा राहू नये. मात्र ब्रिगेडियर होईपर्यंतची वीस-पंचवीस वर्षं तोच रंग त्याच्या डोक्यावर असायलाच हवा, याबाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. सरसकट सगळ्यांना एकच टोपी करावी असं उद्या कोणी सुचवलं, तर शिन्सेकींची फाईल त्याच्यासमोर ठेवावी. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे असं संयोजकांनी सांगितलं आहे. साहेबांनीच पहिला प्रश्न विचारावा.